कुटुंब नियोजनाच्या पथनाट्यात नेमकं सांगायचं काय?

गावकूस
नमस्कार मंडळी. आमच्या कलापथकाला यंदा कुटुंब नियोजनावर पथनाट्य करायचं काम मिळालंय. ११ जुलैच्या जागतिक लोकसंख्या दिनापासून पंधरवडा सुरू होतो, त्यात बाजाराच्या दिवशी गावोगाव प्रयोग करायचे. वीसेक मिनिटांचं नाटक, संहिता मी लिहितोय. सोबत घोषवाक्यांची यादी आली आहे. 'लहान कुटुंब, सुखी कुटुंब', 'आम्ही दोघं, आमचे दोघं' वगैरे, तुम्हा सगळ्यांना पाठ असलेली.

तिथेच माझं घोडं अडलंय. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २.० आला, महाराष्ट्राचा १.७. म्हणजे 'मुलं किती' हे आपल्या राज्यातल्या माणसाला कळून चुकलंय. त्याच पाहणीतला दुसरा आकडा बघा. देशातल्या विवाहित जोडप्यांत बाईने शस्त्रक्रिया करून घेतलेली ३७.९ टक्के, पुरुषाने करून घेतलेली ०.३ टक्के. मग वीस मिनिटं उभं राहून 'मुलं दोनच' असं मी सांगू कुणाला? पटलेल्यांनाच?

मला वाटतं, आपल्या प्रचाराने 'किती' हे भरपूर सांगितलं आणि 'कसं' हे फार थोडं. नाटक त्या 'कसं'वर असावं असं मनात आहे. तुम्हाला आठवणारा प्रचार, त्याने काय बदललं, काय बिघडलं, आणि आज काय सांगायला हवं, ते लिहा. मतभेदही येऊ द्या.

जुनापुराणा
विषय काढलात ते बरं केलंत. घोषवाक्यांना नावं ठेवण्याआधी ती कुठून आली तेवढं सांगतो.

सरकारी पातळीवर कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश, साल १९५२. पण पहिली दहा-बारा वर्षं तो कार्यक्रम दवाखान्यातच बसून होता. ज्याला गरज असेल त्याने यावं, अशी रीत. साठच्या दशकाच्या मध्यानंतर तो रस्त्यावर उतरला. दिल्लीत खात्याच्या प्रचाराचं काम दीप त्यागी नावाचे अधिकारी बघत. सगळ्या देशात एकच चिन्ह, एकच साधं वाक्य, आणि ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यातून उलटा लाल त्रिकोण आला, आई-बाप आणि दोन मुलांचे चार हसरे चेहरे आले, 'दो या तीन बच्चे, बस' आलं. भिंती, बसगाड्या, काड्यापेट्या, सिनेमागृहातल्या स्लाइड, काही ठिकाणी चक्क हत्तीच्या पाठीवरून प्रचार! टपाल तिकीटसुद्धा निघालं, १९६६ साली. पुढे हा त्रिकोण कितीतरी देशांनी उचलला. त्यागी मात्र १९६९ मध्येच गेले, पन्नाशीही न गाठता.

मग १९६८ चा निरोध, म्हणजे सरकारी कंडोम. त्यातली खरी हुशारी जाहिरातीत नव्हती, वाटपात होती. चहा, साबण, सिगारेट, बॅटरी विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्या तसेही खेड्यापाड्यांत जात होत्या. सरकारने त्यांच्यामार्फत निरोध दुकानात पोचवला. पंधरा पैशांना तीन. ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात वस्तू मिळाली, तर तो प्रचार. नुसतं ऐकून घरी गेला आणि तालुक्याला खेटे घालावे लागले, तर तो माणूस परत येत नाही.

बाभूळ
आमच्याकडे निरोधचा पहिला उपयोग फुगे म्हणून झाला. उपकेंद्रातून फुकट मिळायचे. वाढदिवसाला सगळी आळी सजवली होती आम्ही पोरांनी, मोठी माणसं दोन दिवस घराबाहेर पडेनात :)

पारिजात
बाभूळ, हे प्रत्येक गावात झालंय बहुतेक :) पण यातून एक दिसतं. घराघरात वस्तू पोचली आणि ती कशासाठी हे पोरांना सांगायला एकही मोठं माणूस तयार नव्हतं.

उपकेंद्र_ताई
गावकूस, मी सहायक परिचारिका म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा सगळा काळ वाड्या-वस्त्यांवर गेला, म्हणून लांबलचक लिहिते.

तुमचा अंदाज बरोबर आहे. 'दोन पुरेत' हे सांगायला मला क्वचितच तोंड उघडावं लागलं. बायकाच म्हणायच्या, "ताई, आता बस झालं बघा." त्यांचे प्रश्न त्याच्या पुढचे असायचे. तांबी (कॉपर-टी) वर सरकून काळजात जाते का? गोळीने अंग सुटतं का? मालकांनी ऑपरेशन केलं तर त्यांना ओझं उचलता येईल का? आणि हा शेवटचा प्रश्न हळू आवाजात, "त्यांच्यात काही कमी तर नाही ना होणार?" माझ्या पिशवीतल्या रंगीत पत्रकात यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. हसरं कुटुंब होतं, घर होतं, गाय होती.

मी काय करायची ते सांगते. तांबी बसवायच्या आधीच सांगायची, पहिले दोन-तीन महिने पाळी जास्त जाईल, ओटीपोटात दुखेल, मग बसेल सगळं. गर्भाशय ही पिशवी आहे, तिथून काळजाकडे जायला वाटच नाही. एवढं ऐकलेली बाई पहिल्या पाळीला घाबरत नाही. न सांगता बसवली की ती महिन्याभरात काढून टाकायला येते आणि वाडीतल्या सगळ्यांना सांगते, "मेलीने काय घातलं कोण जाणे." त्या वाडीत मग पुढची कितीतरी वर्षं कुणी तांबीचं नाव काढत नाही.

दुसरं, ऑपरेशननंतर मी आठ दिवसांत घरी जायचीच. टाके कसे आहेत, ताप आहे का, एवढंच विचारायला. माझा सगळ्यात चांगला प्रचार त्या भेटीत झाला. शेजारणी जमायच्या, आणि जिचं ऑपरेशन झालं तीच बोलायची. मला बोलावं लागायचं नाही.

जुनापुराणा
ताई, अगदी. तांबीच्या आधी १९६५ मध्ये 'लूप' आला होता, त्याचं असंच झालं. सुरुवातीला धडाक्यात बसवले. रक्तस्राव होतो हे आधी सांगितलं नाही, बसवल्यावर कुणी बघायला गेलं नाही. दोन-तीन वर्षांत अफवांनी लूप बुडाला. वस्तू वाईट नव्हती, आधीची दोन वाक्यं आणि नंतरची एक भेट कमी पडली.

सरळरेष
थोडा वेगळा सूर लावतो. आज जननदर खाली आलाय म्हणून घोषवाक्यं निरुपयोगी होती असं म्हणणं सोपं आहे. ज्या काळात नवरा-बायको चारचौघांत एकमेकांचं नाव घेत नव्हते, त्या काळात मुलं होणं-न होणं आपल्या हातात आहे, हे भिंतीवर लिहिलेलं दिसणं ही मोठीच गोष्ट होती. देवाची देणगी, नशीब, असं म्हणणाऱ्या माणसाला 'नियोजन' करता येतं हे कळायला तीच एक ओळ कारणीभूत ठरली. आणि बिहारचा जननदर त्याच पाहणीत अजून ३ च्या आसपास आहे. तिथे 'किती' हे सांगणं संपलेलं नाही.

उपकेंद्र_ताई
सरळरेष, भिंतीने दार उघडलं हे मला मान्य. पण दारातून आत गेल्यावर बोलायचं काय, ते भिंतीने शिकवलं नाही. आणि बिहारच्या बाईलाही पहिल्यांदा जवळचं केंद्र, गोळ्यांचा साठा आणि ऐकून घेणारी नर्स लागते. तिला जास्तच मुलं हवी असतात असं समजू नका.

घाटमाथा
आणीबाणीबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ वर आहे त्याचं उत्तर तिथे आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या ६० लाखांहून जास्त पुरुषांच्या. मास्तर, ग्रामसेवक, तलाठी, सगळ्यांना 'केसेस'चा कोटा. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. १९७७ ला सरकार पडलं, खात्याचं 'कुटुंब नियोजन' जाऊन 'कुटुंब कल्याण' झालं, आणि पुढाऱ्यांनी पुरुषांपुढे हा विषय काढणं सोडलं. तेव्हापासून सगळा भार बाईच्या पोटावर.

माझे आजोबा त्या वर्षी पाहुणे म्हणून रानातल्या वस्तीवर राहायला गेले होते, गाडी आली की पळायचं म्हणून. अशा माणसाच्या मुलाला तुम्ही कुठलं पत्रक देणार?

टिपकागद
घाटमाथा, सहमत, पण सगळं आणीबाणीच्या माथी मारू नका. त्याआधी पुरुष येत होते, हे विसरलं जातं. १९७१ च्या जुलैमध्ये केरळात एर्नाकुलमच्या शिबिरात एका महिन्यात ६० हजारांवर पुरुषांनी नसबंदी करून घेतली. मोबदला मिळत होता, ते खरं, पण गर्दी झाली. मुंबईत डॉ. डी. एन. पै यांनी साठच्या दशकाच्या शेवटी रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं चालवली, माणसं कामावर जाता-येता येत. म्हणजे 'आपला पुरुष तयारच होत नाही' हे खरं नाही. ७७ नंतर दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली, बायकांची शिबिरं सोपी झाली, बाळंतपणाला आलेली बाई तशीही दवाखान्यातच असते, आणि यंत्रणेने सोपी वाट धरली. पुरुषाला विचारणंच बंद झालं. विचारलंच नाही तर तो नाही म्हणाला असं कसं म्हणता येईल?

पारिजात
टिपकागद, हे फार महत्त्वाचं. त्याच पाचव्या पाहणीत ३५ टक्के पुरुषांनी म्हटलंय की संततिनियमन हे बायकांचं काम, पुरुषांनी त्यात पडायची गरज नाही. वाईट वाटतंच, पण उलट बाजूने बघा. उरलेले बहुसंख्य असं म्हणत नाहीत. त्यांच्याशी बोलतं कोण? आशाताई घरी येते तेव्हा नवरा शेतावर किंवा कामावर. तिच्याशी बोलायला त्याला संकोच, त्याच्याशी बोलायला तिला संकोच.

माझ्या जावेच्या दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी 'सोबतच करून टाका' असं ठरलं. ठरवलं नवऱ्याने, सासऱ्यांनी आणि डॉक्टरांनी. तिला टेबलावर नेताना सांगितलं. तिलाही दोनच हवी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला विचारलं नाही, हे ती आजही बोलते. नाटकात हे दाखवाच.

कंदील
हे सगळं ठीक. पण एका विशिष्ट समाजाला आधी सांगा ना. आपणच किती वर्षं ऐकायचं?

टिपकागद
कंदील, आकडे बघू. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत मुस्लिम स्त्रियांचा जननदर ४.४ होता, पाचव्या फेरीत २.४ वर आला. हिंदू स्त्रियांचा ३.३ वरून १.९ वर. सगळ्यात मोठी घट कुठे झाली ते दिसतंय. मुलींचं शिक्षण वाढतं, दवाखाना जवळ येतो, बालमृत्यू कमी होतात, तिथे सगळ्याच घरांत मुलं कमी होतात. कुणाला तरी धाक दाखवून केलेल्या प्रचाराचं काय होतं, ते घाटमाथा यांनी वर लिहिलंच आहे.

सरळरेष
टिपकागद +१. यावरून हा धागा भरकटू देऊ नका, गावकूस यांना संहिता लिहायची आहे.

ओवी
मराठीत या विषयावर बोलताना रघुनाथ धोंडो कर्वे यांचं नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटलं. गावकूस, तुमचं 'किती' आणि 'कसं' हे त्यांच्याकडे बघितलं की लख्ख कळतं. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं, सरकारी कार्यक्रमाच्या तीस वर्षं आधी. गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी त्यापायी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. लोक पत्रं लिहून प्रश्न विचारायचे, ते सरळ उत्तर द्यायचे. लोकसंख्या वाढली की देश बुडेल, असा धाक त्यांच्या कामाच्या मुळाशी नव्हता. बाईचं शरीर, तिचं आरोग्य, तिचं सुख, हे मुळाशी होतं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पण वाचकांना लैंगिक प्रश्न विचारायचा अधिकार आहे ही बाजू त्यांनी कोर्टात मांडली. पुढे १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठरावही आणला, तो फेटाळला गेला.

आणि शकुंतला परांजपे. कर्व्यांसोबत काम केलं, पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत बायकांशी, पुरुषांशी स्वतः जाऊन बोलल्या, विधान परिषदेत आणि राज्यसभेत हा विषय नेला. त्या काळात एका बाईने गावात उभं राहून पुरुषांना नसबंदीबद्दल सांगायचं, याला काय छाती लागत असेल!

जुनापुराणा
ओवी, सुंदर. त्याच काळातली आणखी एक गोष्ट. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या होत्या. गांधीजींचा साधनांना विरोध, संयम हाच मार्ग असं त्यांचं मत. दोघांचं पटलं नाही. महाराष्ट्रात ही चर्चा किती जुनी आहे बघा. आपण मात्र अजून भिंतीवरच्या चार चेहऱ्यांवर अडलोय.

गावकूस
सगळ्यांचे आभार, वहीची पानं भरली. माझा आराखडा असा आहे. वासुदेव येतो, चावडीवर बसतो. एक नवरा, त्याची बायको, सासू आणि नवऱ्याचा मित्र. सासू नातवासाठी हट्ट धरते, सून गप्प, नवरा मधल्यामध्ये. सासूचं पात्र थोडं विनोदी करावं, लोक हसतात, असा आमच्या कलाकारांचा आग्रह आहे. काय वाटतं?

उपकेंद्र_ताई
नको हो. समोर पहिल्या रांगेत सासवाच बसलेल्या असतात. त्यांना हसलात की त्या उठून जातील, आणि सुनेला हाताला धरून नेतील. काही राज्यांत सासू-सून मेळावे घेतात ना, ते याचसाठी. सासूला स्वतःची बाळंतपणं आठवतात. तिला विचारा, "तुमच्या वेळी कुणी विचारलं होतं का तुम्हाला?" गप्प होते, मग बोलायला लागते. मी अशा सासवा बघितल्यात ज्यांनी स्वतः मुलाला सांगितलं, "तूच करून घे, तिचं दोनदा पोट फाडलंय."

टिपकागद
नाटकाबद्दलच एक. १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली, तीही कुटुंब नियोजनाचा संदेश देण्यासाठीच. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी अशा मालिकांनी लोकांना नियोजनाकडे वळवलं होतं, त्यावरून ही कल्पना आली. पण सुरुवातीच्या भागांत संदेशच संदेश होता, प्रेक्षक कंटाळले. मग उपदेश कमी केला, माणसं आणि त्यांची भांडणं वाढवली, आणि देश ती मालिका बघायला लागला. पण त्यात कुटुंब नियोजन मागे पडलं, बाईचं स्थान, हुंडा, दारू हे विषय पुढे आले. दोन्ही टोकं टाळायची आहेत तुम्हाला. गोष्ट हवी, आणि गोष्टीच्या पोटात निदान दोन-तीन ठोस माहितीची वाक्यं हवीत जी माणूस घरी घेऊन जाईल.

घाटमाथा
मी साताऱ्याकडचा. २००७ मध्ये आमच्या जिल्हा परिषदेने नवविवाहित जोडप्यांसाठी योजना काढली होती. पहिलं मूल लग्नानंतर दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. वर्तमानपत्रांनी तिला 'हनिमून पॅकेज' म्हणून नाव दिलं. पैशाने किती फरक पडला तो भाग वेगळा, पण एक झालं. लग्नाला सहा महिने झाले की 'पाळणा कधी' म्हणून विचारणाऱ्यांना सांगायला मुलीकडे एक कारण आलं, "सरकारी योजनेत नाव घातलंय." या पहिल्या मुलाच्या अंतराबद्दल प्रचारात फार कमी असतं. सगळा जोर दुसऱ्यानंतर थांबण्यावर.

सरळरेष
मग कायद्याचं काय? १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. सरकारी नोकरीला २००५ पासून दोन अपत्यांचं प्रतिज्ञापत्र. हे लोकांना माहीत आहे आणि त्याचा परिणाम होतोच.

पारिजात
परिणाम होतो, पण कुणावर? पद जाऊ नये म्हणून कागदावर काय काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं. आणि कायद्यात साधनांची माहिती कुठे आहे? पंचाला तिसरं मूल नको हे कळतं. निरोध फाटला तर काय करायचं हे कळत नाही.

नवखा
इथे पहिल्यांदाच लिहितोय, धागा वाचून धीर आला. बायकोने उपकेंद्रात 'अंतरा' इंजेक्शन घेतलंय, दुसरा डोस झाला. आता पाळी येतच नाही. घरचे म्हणतात घाण रक्त अंगात साठतंय, बंद कर. पुढे मूल हवं असेल तर होणार नाही असंही कुणी म्हणालं. विचारायचं कुणाला?

उपकेंद्र_ताई
नवखा, बरं झालं तुम्ही विचारलंत, आणि नवऱ्याने विचारलंत याचं विशेष वाटलं. अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. त्यात पाळी अनियमित होते, मध्ये थोडं थोडं जातं, आणि पुष्कळ बायकांची नंतर बंदच राहते. रक्त साठत वगैरे काही नाही. या इंजेक्शनमुळे गर्भाशयाचं अस्तर वाढतच नाही, म्हणून बाहेर यायला काही नसतं. थांबवल्यावर मूल होतं, फक्त लगेच नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण सात ते दहा महिने लागू शकतात. तेव्हा वर्षभरात मूल हवं असेल तर आत्ताच तसं सांगून दुसरं साधन घ्या. इंजेक्शनची जागा चोळू नका, शेकू नका. डोस वेळेवर झाला नसेल किंवा मनात शंका असेल तर आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या. खूप रक्त गेलं, डोकं असह्य दुखलं, तर वाट बघू नका. आणि तिला सोबत घेऊन तुम्ही स्वतः जा.

नवखा
ताई, मनापासून आभार. हे इंजेक्शन देताना कुणी सांगितलं असतं तर घरात महिनाभर भांडणं झाली नसती.

ओवी
गावकूस, हाच तुमचा प्रवेश आहे! लिहा हा.

गावकूस
खरंच. वासुदेव ठेवला, सासूची चेष्टा काढून टाकली, आणि नाटकाच्या मध्यावर मित्राने आधीच नसबंदी करून घेतलेली आहे असं केलंय. तुकडा टाकतो, सुचवा.

नवरा : अरे, पण ताकद जाते म्हणतात.
मित्र : कुणाची? मी कालच पोतं उचललं तुझ्यासमोर.
नवरा : आणि... ते बाकीचं?
मित्र : ते बाकीचं घरी विचार तुझ्या वहिनीला. (हशा) अरे, कातडीला एक बारीक छेद, आणि बीज जाण्याची नळी बंद. ना पोट फाडलं, ना टाका घातला. जागा बधिर केली, अर्ध्या तासात बाहेर. दोन दिवस आराम, आठवडाभर सायकल आणि जड काम नाही. पुरुषपण रक्तातून येतं, या नळीतून नाही.
बायको : (पहिल्यांदाच बोलते) मला कुणी विचारलं तर मी सांगेन. दोन्ही बाळंतपणं मी काढली. आता हे एक तुम्ही काढा.

बाभूळ
बायकोच्या त्या वाक्याला टाळी पडणार. 'घरी विचार तुझ्या वहिनीला'वर आमच्या गावात पाच मिनिटं नाटक थांबेल :)

टिपकागद
मित्र सल्ला देतो आणि बायको निर्णय मागते, हे आवडलं. फक्त शेवटी सगळेच नसबंदीला जायला निघाले असं करू नका. एखादी बाई तांबी निवडेल, कुणी निरोध, कुणी 'छाया' गोळी. समोरच्या प्रत्येकाचं वय, घर, अडचण वेगळी. चार साधनं आहेत आणि निवड तुमची, हे दिसू द्या. एकच साधन गळ्यात मारलं की लोकांना पुन्हा जुने कोटे आठवतील.

जुनापुराणा
आणि प्रयोग संपल्यावर लगेच ढोलकी गुंडाळून निघू नका. तिथल्या आशाताईंना आणि उपकेंद्राच्या आरोग्यसेवकाला आधीच बोलावून ठेवा, कोपऱ्यात बसवा. पुरुषांना बोलायला पुरुष कर्मचारी हवाच. निरोध आणि गोळ्या तिथेच ठेवा. नाटक ऐकून ज्याच्या मनात प्रश्न आला त्याला तो त्याच वेळी विचारता आला पाहिजे.

उपकेंद्र_ताई
गावकूस, तुकडा छान झालाय, पण एक वाक्य राहिलं आणि ते राहिलं तर घात होईल. नसबंदी झाल्या झाल्या माणूस मोकळा होत नाही. आधीचं बीज नळीत शिल्लक असतं. तीन महिने निरोध वापरायचाच, आणि तीन महिन्यांनी आरोग्य केंद्रात वीर्य तपासून खात्री करून घ्यायची. हे न सांगितल्यामुळे बाई गरोदर राहिली आणि नवऱ्याने तिच्यावर संशय घेतला, अशी घरं मी बघितली आहेत. मित्राच्या तोंडी एकदा घाला आणि शेवटी वासुदेवाच्या गाण्यात पुन्हा घाला. बाजारात लोक मधूनच येतात, पहिल्यांदा हुकलं तर दुसऱ्यांदा कानावर पडेल.

गावकूस
ताई, घातलं. दोन्ही जागी. गाण्याच्या ओळी उद्या टाकतो. तांबीच्या प्रवेशात पहिल्या तीन महिन्यांच्या पाळीचं तुमचं ते वाक्य जसंच्या तसं घेतोय, चालेल ना?

उपकेंद्र_ताई
घ्या की. आणि 'काळजाकडे जायला वाटच नाही' हेही घ्या. ते वाक्य ऐकून बायका हमखास हसतात, आणि मग पुढचं विचारतात.